कॅमेरा बसवायचं ठरलं, पण कोणता? रेडीमेड, कस्टम की घरीच जुळवलेला

चाकण, भोसरी किंवा वाळूजमध्ये ॲल्युमिनियमची डायकास्ट हाउसिंग (साच्यात ओतलेली बाहेरची कवचं) मशिनिंग करून गाडीकंपन्यांना पुरवणाऱ्या कारखान्यात हा प्रश्न कधीतरी येतोच, आणि बहुतेक वेळा कस्टमर कंप्लेंटच्या पाठोपाठ येतो. सीलिंग फेसवरचा, म्हणजे गळती रोखणाऱ्या सपाट पृष्ठभागावरचा, एक ब्लोहोल (ओतकामातल्या हवेमुळे पडलेला बारीक खड्डा) नजरेतून सुटतो, तिकडे असेंब्लीच्या लीक टेस्टमध्ये सापडतो. मग स्टॉकचं सॉर्टिंग, एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहिण्याचा ठरलेला नमुना), आणि कायमस्वरूपी उपायाच्या रकान्यात कोणीतरी लिहून टाकतं: कॅमेरा इन्स्पेक्शन बसवणार. तारीखही दिली जाते. त्यानंतर तीन कोटेशनं येतात आणि तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळपासही नसतात. नसणारच, कारण तिघंजण तीन वेगळ्या वस्तू विकत असतात.

पहिला विकतो स्मार्ट कॅमेरा. कॅमेरा, प्रोसेसर आणि सॉफ्टवेअर एकाच डबीत. बऱ्याचदा लेन्स आणि लाइटही त्यातच. कॉग्नेक्स, कीएन्स, ओमरॉन ही यातली आपल्याकडे सर्रास दिसणारी नावं. दुसरा विकतो कस्टम सिस्टिम: इंडस्ट्रियल पीसी, दोन-चार कॅमेरे, वेगळे लाइट, फिक्स्चर (पार्ट ठरलेल्या जागी धरणारा साचा), रिजेक्शनची व्यवस्था आणि तुमच्याच पार्टसाठी लिहिलेला प्रोग्रॅम. तिसरा तुमचाच एखादा तरुण इंजिनिअर असतो. त्याचं म्हणणं असतं, की कॅमेरा विकत घेऊ, प्रोग्रॅम पायथनमध्ये आपणच लिहू.

कोणतं स्वस्त, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी डिफेक्टची यादी करा आणि प्रत्येक डिफेक्टपुढे कॅमेऱ्याची खरंच गरज आहे का ते लिहा. ही यादी केली की निम्मा निर्णय तिथेच होतो.

समजा तुमच्या हाउसिंगच्या चार तक्रारी आहेत: बोअरचा (मोठ्या गोल भोकाचा) व्यास, सहा एम-6 होलपैकी एखाद्याचं टॅपिंग (स्क्रूसाठी आटे पाडणं) राहणं, क्रॉस होलच्या (आडव्या भोकाच्या) तोंडाशी बर (कापताना उरलेली धातूची धारदार कड) आणि सीलिंग फेसवर ब्लोहोल. चारही डिफेक्ट एकाच कॅमेरा मशीनमध्ये पकडून देतो असं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बोअर कॅमेऱ्याचं काम नाही. टॉलरन्सची पट्टी 0.02 मिमीची असेल तर मोजमाप तिच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे 2 मायक्रॉनपर्यंत भरवशाचं हवं. कॅमेरा फक्त बोअरची कड बघतो, आतला व्यास नाही, आणि त्या कडेला चॅम्फर (तिरपी कापलेली धार) असतो. एअर गेज (हवेच्या दाबावरून व्यास मोजणारं साधन) हे काम वर्षानुवर्षं शांतपणे करतोय, त्याला करू द्या. बरचंही तसंच. क्रॉस होलच्या आत कॅमेरा डोकावू शकत नाही. तिथले पैसे डीबरिंग टूलवर घालवलेत तर बर शोधावीच लागणार नाही.

उरली दोन कामं, आणि त्या दोघांची जात पूर्ण वेगळी आहे.

टॅपिंग आहे की नाही हा हो-नाहीचा प्रश्न आहे. पार्ट फिक्स्चरवर दरवेळी त्याच जागी बसतो, होल ठरलेल्या ठिकाणी असतात, तिरपा लाइट टाकला की आटे चमकतात. इथे स्मार्ट कॅमेराच घ्यावा, दुसरा विचार करू नये. मेंटेनन्सचा माणूस दोन-तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकतो, आउटपुट सरळ पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) जातं, कॅमेरा बिघडला तर दुसरा लावून जुना प्रोग्रॅम भरता येतो. डॉवेल पिन आहे का, प्लग बसलाय का, डॉट-पीन केलेला (सुईने ठिपके ठोकून उमटवलेला) डेटा मॅट्रिक्स कोड वाचता येतो का, ही सगळी याच डबीची कामं. एवढ्यासाठी कस्टम सिस्टिम घेणं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला ट्रक काढणं. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: आटे आहेत एवढंच कॅमेरा सांगेल. ते पूर्ण खोलीपर्यंत गेलेत की टॅप मध्येच मोडला, हे गेज घालूनच कळतं.

खरी परीक्षा सीलिंग फेसवर होते, आणि कस्टमचा पैसा वसूल होतो तो इथेच.

तुमच्या लाइनवरच्या अनुभवी तपासनीस बाईंकडे पाच मिनिटं नीट बघा. त्या पार्ट हातात घेऊन स्थिर धरत नाहीत. ट्यूबलाइटखाली मनगट वळवत फेस तिरका करतात, पुन्हा उलट्या बाजूला करतात. मिलिंग कटरच्या गोल रेषा एका कोनात चमकतात आणि दुसऱ्या कोनात विझतात. ब्लोहोल मात्र प्रत्येक कोनात काळाच राहतो. कूलंटचा डाग कधी दिसतो, कधी नाही. ती मनगटाची हालचाल मशीनला करून द्यावी लागते. म्हणून चांगला इंटिग्रेटर (कस्टम सिस्टिम जुळवून देणारा) चार बाजूंना चार बार लाइट लावतो, एकामागून एक पेटवतो, प्रत्येकाचा वेगळा फोटो घेतो आणि चारही एकत्र करून खड्डा कुठला, डाग कुठला हे ठरवतो. किंवा डोम लाइट (सगळीकडून सारखा मंद उजेड देणारा घुमट) वापरून कटरच्या रेषाच पुसून टाकतो. एकच लाइट आतमध्ये असलेल्या तयार डबीला हे सहसा जमत नाही.

पिक्सेलचा हिशेब इंटिग्रेटरवर न सोडता स्वतः करा. ड्रॉइंगवर 0.5 मिमीपेक्षा मोठा ब्लोहोल चालणार नाही असं लिहिलं असेल, तर तो खड्डा फोटोत निदान पाच पिक्सेल रुंद यायला हवा. म्हणजे एक पिक्सेल 0.1 मिमी. फेस 150 मिमी लांब असेल तर 1500 पिक्सेल लागतील. 2448 बाय 2048 चा सर्वसाधारण 5 मेगापिक्सेल कॅमेरा सहज पुरतो. हीच मर्यादा 0.2 मिमी झाली की 3750 पिक्सेल लागतात आणि तोच कॅमेरा तोकडा पडतो. मग मोठा सेन्सर, महाग लेन्स किंवा दोन कॅमेरे. कोटेशन दुप्पट का झालं याचं उत्तर अनेकदा ड्रॉइंगवरच्या या एका आकड्यात असतं. त्यामुळे कस्टमरशी तो आकडा आधी पक्का करा, आणि 'ब्लोहोल नको' एवढंच लिहिलं असेल तर लिमिट सॅम्पलवर (चालेल-न चालेलची हद्द दाखवणाऱ्या नमुना पार्टवर) त्याची सही घ्या.

पार्ट थांबवून फोटो काढायचा की कन्व्हेयरवर चालता चालता, यानेही किंमत हलते. सेकंदाला 300 मिमी वेगाने पार्ट जात असेल आणि चित्र एका पिक्सेलपेक्षा जास्त ओढलं जायला नको असेल, तर एक्स्पोजर साधारण 300 मायक्रोसेकंदांच्या आत ठेवावा लागतो. त्यासाठी ग्लोबल शटर (सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारं) आणि फ्लॅशसारखा पेटणारा जोरदार लाइट हवा. सायकल टाइम परवानगी देत असेल तर पार्ट थांबवा. डोकेदुखी निम्मी होते.

कोटेशनमध्ये कॅमेऱ्याची बढाई पानभर असते आणि मेकॅनिकल भाग दोन ओळीत उरकलेला असतो. मी उलटं बघतो. फोटोच्या आधी एअर ब्लो आहे का? कूलंटचा थेंब आणि ब्लोहोल वरून सारखेच दिसतात; खड्ड्यात चिप अडकली तर खड्डाच दिसत नाही. भोवती हूड आहे का? शेडच्या पारदर्शक पत्र्यातून दुपारचं ऊन आत येतं, आणि दिवसपाळीला पास होणारा पार्ट रात्रपाळीला नापास होऊ लागतो. रिजेक्ट झालेला पार्ट कुलूपबंद बिनमध्ये जातो, की ऑपरेटर उचलून पुन्हा ओळीत ठेवू शकतो? पुण्याकडे आणखी एक प्रकार चालतो: फिक्स्चर आणि कन्व्हेयर एसपीएमवाल्याकडून (खास कामाची मशीन बनवणाऱ्याकडून), कॅमेरा इंटिग्रेटरकडून. पार्ट अर्धा मिलिमीटर हलला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तुम्ही मध्ये. ऑर्डर एकालाच द्या, दुसऱ्याला त्याने सांभाळावं.

डीप लर्निंगबद्दल (नमुन्याचे फोटो दाखवून शिकवलेल्या मॉडेलबद्दल) थोडं, कारण आता प्रत्येक कोटेशनमध्ये ते असतंच. कास्टिंगच्या खडबडीत, मशिनिंग न झालेल्या पृष्ठभागावर, जिथे चांगला पार्टही दरवेळी वेगळा दिसतो, तिथे ते नियम लिहून चालणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा सरस ठरतं. मिलिंग झालेल्या सपाट फेसवर, लाइट नीट असेल तर साध्या नियमांवर भागतं, आणि 0.5 मिमीचा नियम ऑडिटरला दाखवताही येतो. 'मॉडेलला तसं वाटलं' हे उत्तर ऑडिटमध्ये चालवून बघा. शिवाय डाय बदलला, कटर बदलला की फेसचा रंगरूप बदलतो आणि मॉडेल पुन्हा शिकवावं लागतं. ते शिकवणार कोण, आणि दरवेळी किती घेणार, हे आधीच विचारा.

घरी जुळवण्याच्या पर्यायाला हसू नका. ओपनसीव्ही ही चित्रं तपासण्याच्या तयार प्रोग्रॅमची लायब्ररी 1999 साली इंटेलमध्ये सुरू झाली. ती फुकट आहे आणि व्यवसायातही वापरता येते. जिगई व्हिजन (GigE Vision, नेटवर्क केबलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचं मानक) प्रमाणाचा कॅमेरा घेतला तर केबल 100 मीटरपर्यंत नेता येते आणि उद्या कंपनी बदलली तरी प्रोग्रॅम फारसा बदलावा लागत नाही. यूएसबी-3 ची साधी केबल काही मीटरमध्येच संपते, हे पॅनेल कुठे ठेवायचं ठरवण्याआधी लक्षात घ्या. अडचण तंत्राची नाहीच. तो हुशार मुलगा दोन वर्षांनी चांगला पगार मिळाला की जातो, आणि त्याचा कोड वाचणारं कोणी मागे उरत नाही. म्हणून माझं मत असं: डिस्पॅचला जाणाऱ्या पार्टचा निर्णय घेणारं मशीन एकट्या माणसाच्या भरवशावर बांधू नका. पण कस्टम ऑर्डर देण्यापूर्वीच्या चाचणीसाठी हाच पर्याय सगळ्यात उत्तम. एक कॅमेरा, दोन-तीन लाइट आणि दोनशे पार्टचे फोटो हाताशी असले की इंटिग्रेटर तुम्हाला गुंडाळू शकत नाही.

मशीन स्वीकारताना 'ब्लोहोल पकडतं' एवढ्यावर समाधान मानू नका. चांगले पार्ट किती नापास करतं, ते मोजा. दर 10 सेकंदाला एक पार्ट, म्हणजे आठ तासांच्या शिफ्टला 2880. त्यातले 3 टक्के खोटे रिजेक्ट झाले तर 86 पार्ट पुन्हा डोळ्यांनी बघावे लागणार. महिन्याभरात प्रॉडक्शनवाले सेटिंग ढिलं करायला लावतात, आणि मग खरा ब्लोहोलही निघून जातो. एमएसएच्या (मोजमाप व्यवस्था किती भरवशाची हे तपासण्याच्या) पद्धतीने 50 पार्ट निवडा. त्यात स्पष्ट चांगले, स्पष्ट वाईट आणि मुद्दाम काठावरचे घ्या. तीन-तीनदा फिरवा, दरवेळी पार्ट काढून पुन्हा ठेवा. काठावरच्या पार्टला मशीन एकदा ओके आणि एकदा एनजी (नापास) म्हणत असेल तर शेवटचा हप्ता थांबवा. ही चाचणी तुमच्या लाइनवर, तुमच्या कूलंटसकट झाली पाहिजे. इंटिग्रेटरच्या एसी खोलीत सगळेच पास होतात.

मग घ्यायचं काय? टॅपिंगसाठी स्मार्ट कॅमेरा आजच घ्या. सीलिंग फेससाठी कस्टम, पण पार्ट अजून तीन-चार वर्षं चालणार असेल आणि महिन्याची संख्या भरपूर असेल तरच. संख्या कमी असेल किंवा मॉडेल वर्षभरात बदलणार असेल, तर त्याच बाईंना चांगला तिरपा लाइट, टेबलावर लिमिट सॅम्पल आणि दर तासाला काम बदलण्याची सोय द्या. पुष्कळ कारखान्यांना सध्या तेवढंच पुरेल.

आणि कस्टमची पीओ (खरेदीची ऑर्डर) काढताना सोर्स कोड, लाइटिंगचं ड्रॉइंग आणि सॉफ्टवेअरच्या डोंगलचा (लायसन्सच्या यूएसबी किल्लीचा) मालक कोण, हे लिहून घ्या. एक सुटा कॅमेरा आणि प्रत्येक प्रकारचा एक लाइट त्याच ऑर्डरमध्ये टाका. एलईडी वर्षागणिक मंदावतात. नवीन पार्ट जोडायचे पैसे आत्ताच ठरवा, कारण मशीन एकदा लाइनवर बसलं की भाव करण्याची ताकद इंटिग्रेटरकडे जाते.