फोन तपासायचाय: एमव्हीटी स्वतः चालवू की हेल्पलाइनला विचारू?

एनजीओवाले, पत्रकार, आरटीआय कार्यकर्ते, सगळ्यांचा हाच प्रश्न असतो की फोनमध्ये पेगाससछाप काही (पेगासस म्हणजे फोनमध्ये गुपचूप घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर) शिरलंय का ते बघायचं कसं. नाक्यावरचा मोबाइल रिपेअरवाला आणि प्ले स्टोअरवरचे अँटीव्हायरस, दोघांच्याही आवाक्यातलं हे काम नाही, ते सोडूनच द्या.

पहिला पर्याय एमव्हीटी, म्हणजे मोबाइल व्हेरिफिकेशन टूलकिट, फोनच्या बॅकअपमध्ये हेरगिरीच्या खुणा शोधणारं सॉफ्टवेअर. २०२१ मध्ये पेगासस प्रकरण बाहेर आलं तेव्हा अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेच्या सिक्युरिटी लॅबने काढलेलं, फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे कोड कोणालाही बघता येतो. मोठा फायदा हा की डेटा तुमच्याच लॅपटॉपवर राहतो, आणि ही गोष्ट छोटी नाही कारण बॅकअपमध्ये तुमच्या एकट्याचं काही नसतं, तुमच्याशी विश्वासाने बोललेल्या सगळ्यांचे मेसेज त्यात असतात. पण सगळा कारभार कमांड लाइनवर, म्हणजे बटणं नाहीत, कमांड टाइप करायच्या, त्यात आयफोनचा बॅकअप पासवर्ड लावून घ्यायचा, नाहीतर कॉल आणि सफारीची हिस्टरी त्यात येतच नाही. अँड्रॉइडवर तर हाताला त्याहून कमी लागतं. आणि खरी गोम इथे आहे की सार्वजनिक झालेल्या खुणा तेवढ्याच ते शोधतं, त्यामुळे काही सापडलं नाही म्हणजे फोन साफ आहे असं अजिबात नाही. बनवणारेच सांगतात की हे टेक्निकल लोकांसाठी आहे, सामान्य माणसाने स्वतःचा फोन तपासायला नाही.

दुसरा पर्याय अ‍ॅक्सेस नाऊ या डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेची डिजिटल सिक्युरिटी हेल्पलाइन. चोवीस तास चालू, कार्यकर्ते आणि पत्रकारांसाठी मोफत. इंग्रजीत लिहावं लागतं, मराठी-हिंदी चालत नाही, गावाकडच्या कार्यकर्त्याला हे जड जातं हे मान्य, कोणालातरी सोबत बसवा. तपासायला डेटा द्यावा लागला तर परक्या माणसांवर भरवसा टाकावा लागतो हेही खरंच. पण समोर रोज हेच करणारी माणसं असतात, रिझल्टचा अर्थ सांगतात, पुढे काय करायचं तेही सांगतात. माझं मत विचाराल तर धोका खरा वाटत असेल तर आधी इथेच जा, एमव्हीटी संस्थेतल्या एखाद्या टेक्निकल पोराला शिकवून ठेवा.

अर्थात एक्सपर्ट म्हणजे ठाम उत्तर असंही नाही हां. पेगासस प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, ५ मध्ये मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) निघालं, पण ते पेगाससच आहे असं ऑगस्ट २०२२ मध्येसुद्धा सांगता आलं नाही.

लॅपटॉपचा संशय असेल तर एमव्हीटीचा काहीच उपयोग नाही. भीमा कोरेगाव केसमधले आरोपी कार्यकर्ते रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर नावाच्या मालवेअरमधून फायली घुसवल्या गेल्या असं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल पुरावे तपासणाऱ्या फॉरेन्सिक कंपनीने २०२१ मध्ये रिपोर्टात म्हटलं, तेही हार्ड डिस्कच्या कॉपीवर काम करून. ते फॉरेन्सिकवाल्यांचंच काम.

कुठेही जा, तोवर फोन रिसेट मारू नका, पुरावाच जातो. आणि तुमच्या आयफोनवर हेरगिरीचा हल्ला झाल्याचा संशय आहे अशी अ‍ॅपलची धोक्याची सूचना आली असेल तर मेलमधल्या लिंकवर क्लिक न करता स्वतः अ‍ॅपल अकाउंटच्या साइटवर लॉगिन करून बघा, खरी असेल तर तिथे वरच दिसते.