शब्द शोधून देतं, पण कुठल्या डिक्शनरीतले ते सांगत नाही (३ स्टार)

आमच्याकडे नौपाड्यात पावसाळ्यातला रविवार म्हणजे स्क्रॅबल (इंग्रजी अक्षरांचे ठोकळे जोडून पटावर शब्द लावायचा खेळ), दादा-वहिनी कोपरखैरण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने येतात, कांदाभजी होतात आणि मग संध्याकाळपर्यंत भांडण. नियम एकच, खेळताना फोन हातात घ्यायचा नाही, अक्षरं टाकून शब्द काढणारं हे अ‍ॅप फक्त दोन कामांना, कुणी शब्दावर शंका घेतली तर आणि डाव संपल्यावर हळहळायला.

हळहळायला तर एक नंबर आहे. परवा माझ्याकडे ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशी सात अक्षरं आली होती, मी दहा मिनिटं डोकं खाजवून शेवटी ‘टाय’ लावला, टी-आय-ई, तीन पॉइंट. डाव झाल्यावर तीच अक्षरं अ‍ॅपमध्ये टाकली तर रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेनर अशी सातही अक्षरं वापरणाऱ्या शब्दांची रांगच लागली! सगळी अक्षरं एकदम लावली की वरचे ५० पॉइंट मिळतात हे ज्याला माहितेय त्यालाच कळेल मला काय झालं ते. बाबा म्हणाले, ‘रिटेन सुद्धा दिसलं नाही तुला? आयुष्यभर बँकेत काय केलंस?’

स्पीडला तोड नाही, अक्षरं टाकून होईपर्यंत यादी हजर. ऑफिसातल्या एका पोराने सांगितलं त्यात जादू काही नाही, डिक्शनरीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच एबीसीडीप्रमाणे लावून ठेवलेली असतात, म्हणजे ईट, टी, एट तिघांचं ए-ई-टीच होतं, तुमची अक्षरं पण तशीच लावायची आणि जुळवायची. मराठीत असं अ‍ॅप का नाही असं बाबांनी विचारलं, मी म्हटलं ‘कि’ हे एक अक्षर धरायचं का दोन ते आधी तुम्ही आणि दादा ठरवा. अजून ठरलेलं नाही.

आता तक्रार. वहिनींनी ‘सीएच’ लावला, नुसती दोन अक्षरं, एच डबल लेटरवर (त्या घरात अक्षराचे पॉइंट दुप्पट), म्हणजे ३ आणि ८ मिळून ११. दादाने शंका घेतली, मी अ‍ॅप उघडलं, अ‍ॅप म्हणालं असा शब्दच नाही. वहिनींनी अक्षरं उचलली, पाळी गेली, डाव ६ पॉइंटनी हरल्या. रात्री सेटिंगमध्ये चार पानं आत गेल्यावर सापडलं की अ‍ॅप अमेरिकन यादीवर होतं! अमेरिका-कॅनडात वेगळी यादी चालते, आपल्याकडे स्पर्धांमध्ये कॉलिन्स डिक्शनरीची, आणि कॉलिन्समध्ये सीएच बरोबर आहे, सी असलेला दोन अक्षरी शब्द तेवढा एकच आहे त्यात. अमेरिकन यादीत तोही नाही. अहो मग ‘शब्द नाही’च्या शेजारी बारीक अक्षरात तरी लिहा ना कुठल्या यादीत नाही ते. तेव्हापासून वहिनी काहीही झालं की ‘भाऊजी, ते अ‍ॅप विचारा हं’ म्हणतात. अ‍ॅप उतरवलंत तर पहिलं काम ते सेटिंग बदला.

दुसरी गडबड म्हणजे ‘ही अक्षरं असलेले शब्द’ आणि ‘याच अक्षरांतून होणारे शब्द’ असे दोन टॅब एकमेकांना चिकटवलेत. क्यू, यू, झेड टाकलं की पहिल्यात क्विझ, क्वार्ट्झ, स्क्वीझ सगळं येतं, दुसऱ्यात काहीच नाही. पहिला शब्दकोड्याला किंवा मुलीच्या ‘एक्स असलेले दहा शब्द लिहा’ छाप होमवर्कला उपयोगी, स्क्रॅबलला दुसरा. मी महिनाभर चुकीच्या टॅबमध्ये होतो.

अर्थ तर देतच नाही. झेड-ए ‘झा’ म्हणजे पिझ्झा हे मला दुसरीकडे शोधावं लागलं. जाहिरातींबद्दल काय बोलायचं, दर चौथ्या शोधाला तीस सेकंद रमी, तीही मोठ्या आवाजात, ठाणे स्टेशनला नऊ नंबरवर गाडीची वाट बघताना सगळे वळून बघतात.

एक गोष्ट मात्र या अ‍ॅपमुळेच कळली. क्यू आला आणि यू नसला की आम्ही क्यू तसाच धरून बसायचो, शेवटी १० पॉइंट वजा. ‘क्यू आहे, यू नाही’ असा फिल्टर लावला तर काय निघालं, फकीर, नकाब, तलाक, कादी (म्हणजे आपला काझी)! बहुतेक अरबीतून इंग्रजीत गेलेले आणि आपल्याला लहानपणापासून माहीत असलेले. शिवाय चिनी ‘क्यूआय’ आहेच, दोन अक्षरांत ११. बाबांनी पुढच्याच रविवारी एफ-ए-क्यू-आय-आर लावला, आणि दादाने शंका घेतल्यावर अ‍ॅप उघडूच दिलं नाही, म्हणाले, ‘मी फकीर आहे का नाही ते तुझ्या आईला विचार.’

पैसे भरून जाहिराती बंद करता येतात, मी भरलेले नाहीत. वहिनींचा एक स्टार वेगळा धरा.