म्युनिकची भाड्याची स्कूटर: एका निवृत्त एसटी चालकाचा अभिप्राय

३१ वर्षं एसटी चालवली, सातारा आगारातून. त्यातली बरीचशी महाबळेश्वरच्या गाड्यांवर. पसरणीचा घाट धुक्यात, पावसात, उसाच्या ट्रॉल्या पुढे असताना, सगळ्या परीने चढलोय. तेव्हा लेकीकडे म्युनिकला गेल्यावर जावयाने विचारलं, "मामा, ती बॅटरीची स्कूटर चालवून बघणार का?" तर मला हसूच आलं. म्हटलं, ती खेळण्यातली गाडी? आण इकडं.

स्कूटर म्हणजे आपली बसायची नव्हे. उभं राहून चालवायची. दोन बारकी चाकं, मधे फळी, पुढे दांडा. अशा शेकडो गाड्या फुटपाथच्या कडेला पडलेल्या असतात, तीनचार कंपन्यांच्या. मोबाइलवर कोड स्कॅन केला की गाडी सुटते. तेव्हा सुटायचा १ युरो होता, पुढे मिनिटाला २३ सेंट. जावयाने माझ्या पासपोर्टवर माझं वेगळं खातं काढून दिलं. मी म्हटलं, तुमच्याच खात्यावर चालवतो की. तर म्हणाला, नको, उद्या कुणाला धडकलात तर विमा हात वर करायचा.

आधी गाडीबद्दल बोलतो. गाडी चांगली आहे. पायाने दोनदा ढकलायची, मग अंगठ्याखालची खुंटी दाबली की ओढ घेते. ताशी २० किलोमीटरच्या वर पळत नाही, तिकडचा कायदाच तसा आहे, २०१९ च्या जूनपासून. ब्रेक दोन, दोन्ही पकडतात. दांड्याच्या टोकाला इंडिकेटर, तेही लागणारे! मागे विम्याचा छोटा स्टिकर असतो, तो मी गेलो तेव्हा, म्हणजे २०२४ ला, निळा होता. दर १ मार्चला रंग बदलतो. पोलिसाला गाडी थांबवायलाच नको, लांबून कळतं विमा चालू आहे का संपला. ही युक्ती मला फार आवडली. आपल्याकडं कागद काढा, डिकी उघडा, मग फोन लावा.

एकच सांभाळायचं, ट्रामचे रूळ. चाक बारकं असल्याने रुळाच्या खाचेत गेलं की माणूस तोंडावर. रूळ आडवा, काटकोनातच ओलांडायचा. फ्राउनहोफरस्ट्रासला माझं पुढचं चाक असं घसरलं की बायकोचं नाव तोंडात आलं.

आता खरी गोष्ट. नातू ईशान सात वर्षांचा. त्याला आठवड्यातून दोनदा पोहायला न्यायचं काम माझ्याकडे होतं. तो सायकलवर, मी स्कूटरवर, असा माझा बेत. पहिल्याच दिवशी घराच्या दारात लेकीने थांबवलं. तिकडच्या कायद्यात आठ वर्षांखालच्या पोराने सायकल फुटपाथवरूनच चालवायची. बांधीव सायकलवाट वेगळी असेल तर तिथून चालतं, रस्त्यावर नाही. दहा वर्षांपर्यंत फुटपाथची मुभा. सोबतच्या मोठ्या माणसालाही पोराबरोबर फुटपाथवर सायकल चालवता येते, पण सायकलच. स्कूटर फुटपाथवर नेली की दंड. स्कूटरने सायकलवाटेवरून जायचं, नसेल तर गाड्यांच्या रस्त्यावरून.

म्हणजे नातू फुटपाथवर, आबा रस्त्यावर, आणि मधे उभ्या मोटारींची रांग. मी "ईशान, हळू!" म्हणून ओरडतोय, तो दिसतोय फक्त लाल हेल्मेटएवढा. चौकात आला की तो उतरणार, सायकल हातात धरून चालत ओलांडणार, कारण फुटपाथवाल्या पोरांनी तसंच ओलांडायचं असतं. मी सिग्नलला उभा, आणि खिशातल्या मोबाइलमधे २३ सेंट, ४६ सेंट, ६९ सेंट.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे आणि ती सगळ्याच कंपन्यांवर आहे. मिनिटावर भाडं लावलं की लाल सिग्नल म्हणजे खिशाला कात्री. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. गाडी फाटकाला अर्धा तास उभी राहिली तरी प्रवाशाचा रुपया वाढत नाही, म्हणून तो चालकाच्या मागे लागत नाही. या स्कूटरवर चालकही मीच, प्रवासीही मीच, आणि मीटर दोघांच्या मानगुटीवर. लिंडवुर्मस्ट्रासला मी दोनदा बघितलं, पोरं सिग्नल पिवळा झाला की खुंटी दाबून निसटतात. लाल तोडला तर किमान ६० युरो. मोबाइल हातात धरून स्कूटर चालवली तर १०० युरो आणि लायसनवर दंडाचा एक पॉइंट, हाच गुन्हा सायकलवर केला तर ५५. कारण स्कूटर कायद्याने मोटारगाडी आहे. म्हणून तर दारूचा नियमही मोटारीचाच. रक्तात अर्धा प्रोमिल, म्हणजे हजारात अर्धा भाग दारू सापडली की ५०० युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर मोटार बंद. एकवीसच्या आतल्यांना तर थेंबही नाही. बिअरच्या जत्रेत दरवर्षी कितीतरी जणांची लायसन्स अशी जातात. मोटार घरी ठेवली म्हणून स्वतःची पाठ थोपटत स्कूटरवर चढतात बिचारे.

उजवीकडून चालवायची सवय मला चार दिवसांत झाली. अवघड गेलं ते चौकातलं. सिग्नल नाही, पाटी नाही, अशा गल्लीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पण रस्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात गाडी येते डावीकडून. तिला थांबणं भाग आहे, आपण मान वळवायची उजवीकडं. माझी मान तीस वर्षं उजवीकडंच वळायची, तरी पाय मात्र डावीकडच्या गाडीला बघून अडायचा. मजा म्हणजे आपल्याही पुस्तकात उजवीकडच्याला आधी सोडायचं असंच लिहिलंय. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर उभं राहून सांगा कुणाला. तिथं ज्याचा हॉर्न मोठा त्याची उजवी बाजू.

एकेरी रस्त्याचा घोळ वेगळाच. माझ्या वेळी खंबाटकी घाटात जाताना चढ आणि येताना बोगदा, दोन्ही एकेरी, त्यात कुणी शंका काढत नव्हतं. इथं 'नो एंट्री'च्या पाटीखाली 'सायकल मोकळी' अशी बारकी पाटी असते आणि सायकलवाले बिनधास्त उलटे घुसतात. मीही घुसलो. एका आजीबाईंनी काठी उंचावून मला थांबवलं आणि पाटीकडे बोट दाखवलं. स्कूटरसाठी वेगळी पाटी लागते, ती तिथं नव्हती. पोलीस नाही, काही नाही, आजीबाई! मी उतरून ढकलत परत आलो. ढकलतानाही मीटर चालूच.

आता कंपनीचा अनुभव, नाव लिहीत नाही. सप्टेंबरात एकदा गोएथेप्लात्झजवळ गाडी सोडायची होती. सायकलींच्या दांडक्यांशेजारी, फुटपाथवर दोन माणसं सहज जातील एवढी जागा ठेवून लावली. फोटो काढला, ॲप म्हणालं नामंजूर. चाक फिरवून पुन्हा काढला, नामंजूर. तिसऱ्यांदा ईशानला बाजूला उभं केलं, तेव्हा कुठे पटलं. सात मिनिटं गेली. वर घरी आल्यावर 'अयोग्य पार्किंग' म्हणून जादा आकार लावलेला. आगारात गाडी वेड्यावाकड्या जागी लावली तर निदान आगारप्रमुख समोर येऊन शिव्या तरी देतो. इथं तक्रार लिहिली की यंत्रच उत्तर देतं, 'आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे.'

पॅरिसमधे लोकांनी एप्रिल २०२३ ला मतदान घेऊन अशा भाड्याच्या स्कूटर हद्दपार केल्या, असं जावई सांगत होता. मला तेवढं टोक वाटत नाही. म्युनिकच्या हारास भागातून स्टेशनला एकट्याने, मोकळ्या हाताने जायचं असेल तर झकास आहे. पोराबरोबर जायचं असेल तर अजिबात घेऊ नका. सामान असेल तर नको. पाऊस असेल तर नकोच नको. पाचपैकी तीन.

आम्ही शेवटी जुन्या बाजारातून ६० युरोला एक वापरलेली सायकल आणली. घंटी, पुढचा दिवा, मागचा दिवा, सगळं आहे का ते लेकीने बघून घेतलं. मग राहिलेले दिवस आबा आणि नातू फुटपाथवरून एकामागे एक, कायदेशीर. येणाऱ्या जाणाऱ्याला आधी वाट देत. चौकात दोघेही उतरत होतो.

कंपनीचं उत्तर मात्र आलं. जादा आकार परत नाही, त्याऐवजी तीन युरोचं कूपन, मुदत तीस दिवस. ते मिळालं तेव्हा मी साताऱ्यात, राजवाड्यासमोर रिक्षाची वाट बघत उभा होतो.