बॉक्ससकट, नव्यासारखा: एक जुना डी७५० आणि एक ५० एमएम

सेकंड हँड कॅमेऱ्याच्या जाहिरातीत पहिला फोटो कॅमेऱ्याचा असावा अशी आपली भाबडी अपेक्षा. हल्ली तो बॉक्सचा असतो. पुढे खोकं, त्यावर चार्जर, बाजूला घडी न मोडलेला पट्टा, पिशवीतून न काढलेलं मॅन्युअल, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी कॅमेरा. खाली एक ओळ: 'बिल, बॉक्स सगळं आहे.' शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा, विचारला की उत्तर येतं, 'फारसा वापरलेलाच नाही.'

मी नाटकांचे आणि नाचाचे फोटो काढते. उजेड कमी, हालचाल भरपूर, फ्लॅश मारला तर लोक हाकलून देतील. या कामाला नायकॉन डी७५० अजून पुरून उरतो. २०१४ चा कॅमेरा, फुल फ्रेम म्हणजे मोठा सेन्सर, २४ मेगापिक्सेल, नुसती बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) ७५० ग्रॅम. हाताला सवय झाली आहे, म्हणून तसाच आणखी एक हवा होता आणि सोबत ५० एमएम एफ/१.८ जी ही लेन्स. दोन्ही वस्तू दोन वेगवेगळ्या माणसांकडून घेतल्या. दोन्ही मूळ बॉक्समध्ये आल्या आणि दोघांनीही बॉक्स आहे म्हणून भाव चढा लावला होता. त्यामुळे वस्तूंबरोबर खोक्यांचीही झडती घेतली.

आधी बॉडी. विकणारे गृहस्थ शिस्तीचे. पिवळा-सोनेरी खोका, आत पुठ्ठ्याचे कप्पे, प्रत्येक वस्तू आपापल्या पिशवीत. चार्जर, बॅटरी, पट्टा, बॉडी कॅप, डीके-२१ हे रबरी आयकप आणि व्ह्यूफाइंडरवर बसवायचं ते डीके-५ चं चिमुकलं झाकणसुद्धा. हे झाकण मी आजवर कुणाकडे शिल्लक राहिलेलं पाहिलं नव्हतं. बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण बरं वाटणं आणि कॅमेरा बरा असणं यांचा काही संबंध नाही, म्हणून खोका बाजूला सारला आणि बॉडी उलटी केली.

डी७५० घेताना पहिली नजर ट्रायपॉडच्या भोकात टाकायची. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांमध्ये फ्लेअरची भानगड होती: फ्रेमच्या वरच्या कडेला झगझगीत दिवा आला की फोटोच्या वरच्या भागात विचित्र आकाराचा पट्टा उमटायचा. रंगमंचावर दिवे नेमके वरच असतात, त्यामुळे माझ्यासाठी हा मुद्दा कागदावरचा नाही. नायकॉनने २०१५ मध्ये हे कॅमेरे फुकट दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली. ज्यांचं काम झालं आहे, त्यांच्या ट्रायपॉड सॉकेटच्या आत एक काळा ठिपका असतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर दिसतो. या बॉडीत होता. दुसरी भानगड शटरची. तीही २०१५ मध्येच जाहीर झाली आणि पुढे यादी वाढत गेली. ती मात्र सिरियल नंबरवरून तपासायची.

इथे लोक म्हणतात, बघा, म्हणूनच बॉक्स हवा, त्यावर नंबर असतो. अहो, पण नंबर बॉडीवरही असतो! तपासायचा तो बॉडीवरचाच. खोक्यावरच्या स्टिकरशी तो जुळला तर कारखान्यातून दोघे एकत्र निघाले एवढंच सिद्ध होतं. त्यालाही थोडी किंमत आहे, कारण चोरीचा कॅमेरा सहसा उघडाबोडका येतो. पण रिकामी खोकी वेगळी विकत मिळतात, हेही विसरू नये. जुळणारा नंबर आणि जोडीला मूळ बिल असेल तर मी निश्चिंत होते. दोन्हीतलं एकच मिळणार असेल तर मी बिल मागेन. वस्तू वॉरंटीत असेल तर बिलावाचून काही हलतच नाही, आणि परदेशातून आडमार्गाने आलेली आहे का, हेही तिथेच कळतं.

या खोक्यात खरी कामाची वस्तू तळाशी निघाली. मॅन्युअलमध्ये घडी घालून ठेवलेला सर्व्हिस सेंटरचा कागद. तारीख, सिरियल नंबर, शटर युनिट बदलल्याची नोंद, सगळं त्यावर. असा कागद असला की शटर काउंटचा अर्थही लावता येतो. काउंट जवळपास एक लाखावर गेलेला. डी७५० चं शटर १,५०,००० वेळा चालवून तपासलेलं असतं, म्हणजे नुसत्या आकड्यावरून कुणी नाक मुरडलं असतं. कागदावरून कळलं की बराचसा आकडा जुन्या शटरच्या खाती आहे. (नायकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे फाइलमध्येच दडलेल्या नोंदीत, सापडतो, फक्त फाइल थेट कॅमेऱ्यातली हवी. एडिट केलेला किंवा व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चालत नाही. विकणारा मूळ फाइल पाठवायला का-कू करू लागला की मी तिथेच थांबते.)

'ज्याने बॉक्स जपला त्याने कॅमेराही जपला असणार' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मला ते पटत नाही. बॉक्स जपायला घरात माळा लागतो, बस्स. या गृहस्थांनी कॅमेरा जपला होता हे मला कागदावरून कळलं, आणि त्यांनी काउंट न विचारता सांगितला त्यावरून.

बॅटरीचं बघा. मूळ ईएन-ईएल१५, मूळ पिशवीत, वर ओरखडा नाही. कॅमेऱ्यात घालून सेटअप मेनूत 'बॅटरी इन्फो' उघडलं. तिथे बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, ० म्हणजे ताजी, ४ म्हणजे निवृत्त. ही ३ वर होती. लिथियम बॅटरी पिशवीत पडून राहिली तरी म्हातारी होतेच, आणि चार्ज न करता वर्षानुवर्षं पडली तर कधी कधी उठतही नाही. नवी घ्यावी लागणार, हे धरून मी भाव पाडून घेतला. बॉक्सपोटी लावलेले जास्तीचे पैसे तिथेच वळते झाले.

खोक्याचा उपयोग प्रवासात झाला, तेवढा मात्र कबूल. कॅमेरा कुरिअरने आला. त्या कप्प्यांत बॉडी हलत नाही, आदळलं तरी धक्का पुठ्ठा खातो. फक्त वर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव छापलेलं खोकं तसंच पाठवणं म्हणजे चोराला आवतण. त्यांनी ते साध्या तपकिरी खोक्यात घालून, चारी बाजूंनी कागद ठासून पाठवलं. विकणाऱ्याकडे बॉक्स नसेल तर एवढं पॅकिंग करायला सांगायचं. दोन खोकी आणि भरपूर बबल रॅप असलं की मूळ पुठ्ठ्यावाचून अडत नाही.

आता लेन्स, म्हणजे गोष्टीतला खलनायक. जाहिरात अशी: 'मिंट, फुल बॉक्स, कपाटातून बाहेर काढलेलीच नाही.' खोका खरंच कोरा करकरीत. आत सीएल-१०१३ ही मऊ थैली, एचबी-४७ हूड (आडवा उजेड अडवणारी टोपी), दोन्ही कॅप, सिलिका जेलची पुडी. बाहेरून लेन्सला बोट लागलेलं नाही.

या लेन्सला ॲपर्चर रिंग, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करायचं कडं, नाही. कॅमेऱ्यावरून काढली की त्या भोकाची पाती मिटलेली असतात आणि आतलं काही धड दिसत नाही. माउंटपाशी, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथे, आतल्या कडेला एक छोटी धातूची दांडी असते, ती नखाने सरकवून धरायची म्हणजे पाती उघडतात. तशी धरली, पुढून टॉर्च तिरका मारला आणि मागून डोळा लावला. सरळ बघितलं तर काच स्वच्छ. प्रकाश जरा कलता केला आणि मागच्या बाजूच्या एका काचेच्या कडेपासून मध्याकडे निघालेले तंतू दिसले. केसाहून बारीक, फांद्या फुटलेले, टोकाशी पिसासारखे विरळ. धूळ अशी फांद्या काढत नाही. फंगस.

हे होणारच होतं. बुरशीला ओल हवी, अंधार हवा आणि हवा खेळती नको. बंद कपाटातल्या बंद खोक्यातली बंद थैली, याहून चांगली सोय तिला कोण करून देणार? आर्द्रता ७० टक्क्यांवर जाऊन काही दिवस तशीच राहिली की ती धरायला लागते, आणि पुठ्ठा, कापड, चामडं ही मंडळी ओल धरून ठेवतात. सिलिका जेलची पुडी सुरुवातीला पाणी शोषते, मग तिचं पोट भरतं, आणि गरम करून वाळवली नाही तर पुढे ती नुसती शोभेला. रोज वापरातली, उजेडात फिरणारी, कॉलरवर रंग उडालेली लेन्स या बाबतीत जास्त भरवशाची. वस्तू न वापरण्यासाठीच ठेवायची असेल तर बॉक्समध्ये ठेवू नका, ४०-५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा आणि खोका माळ्यावर टाका.

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांना तर 'बॉक्समधला, न वापरलेला' हे बिरूद आणखी महागात पडतं. आतल्या फोमचं चिकट डांबर होतं, वंगण सुकतं. त्यापेक्षा चालता कॅमेरा बरा. संग्राहकांची गोष्ट वेगळी, त्यांच्या लेखी जुळत्या नंबरांचा डबा हाही वस्तूचाच भाग. पण त्या जगातही डबाच सगळं ठरवतो असं नाही. २०२२ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या लिलावात १.४४ कोटी युरोला गेलेला लायका ०-सीरीज क्रमांक १०५ हा कॅमेरा, लायका घडवणाऱ्या ऑस्कर बार्नाकचा स्वतःचा होता, आणि व्ह्यूफाइंडरवर त्याचं नाव कोरलेलं होतं. भाव त्याचा आला.

लेन्स परत करताना विकणाऱ्याशी फोनवर बराच वेळ गेला. फंगसचे फोटो पाठवले तरी त्यांचं पालुपद एकच: 'मॅडम, बॉक्स तर बघा, एक ओरखडा नाही.' शेवटी पैसे मिळाले, कुरिअरचा खर्च माझ्या माथी.

त्यानंतर तीच लेन्स बबल रॅपमध्ये गुंडाळलेली घेतली. मागची कॅप भलत्याच कंपनीची, हूड नाहीच, ५८ एमएमच्या फिल्टरवर एक चरा. फिल्टर काढून टाकला, एचबी-४७ वेगळा मागवला, कारण वरच्या दिव्यांसाठी हूड मला लागतोच. काचा लख्ख आहेत. एफ/२.२ ला चेहरे करकरीत येतात, ऑटोफोकस थोडा निवांत चालतो पण आवाज करत नाही, आणि शांत प्रवेशात पहिल्या रांगेत बसून फोटो काढताना मला तेच हवं असतं.