खाकी कव्हरातली कादंबरी : आठ महिन्यांनंतर

डिसेंबरात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून ही इंग्रजी कादंबरी घेतली, दीडशे रुपयांना. आता गणपती तोंडावर आलेत. एवढ्यात ती तीनदा पूर्ण वाचून झाली. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहिलं असतं, तर नुसतं कौतुकच झालं असतं.

गोष्ट साधी, दोन पुरुषांच्या प्रेमाची. कॉलेजपासूनचे दोन मित्र नाताळच्या सुट्टीत एकाच्या घरी, डोंगरातल्या गावी जातात. बर्फाने रस्ता बंद होतो, मुक्काम लांबतो आणि बारा वर्षं दोघांनी मनात दाबून ठेवलेलं वर येतं. अशा प्रेमकादंबऱ्यांचा शेवट गोड होणार हे ठरलेलंच, त्यामुळे पुढे काय होणार यात दम नाही. दम आहे तो भीतीत. बोललो आणि चुकलं, तर प्रेम राहिलं बाजूला, असलेला मित्रही जायचा.

एक प्रसंग सांगतोच. बाहेरच्या थंडीतून आत आल्यावर एकाच्या चष्म्यावर वाफ धरते. दुसरा काही न विचारता चष्मा त्याच्या नाकावरून काढतो, स्वतःच्या स्वेटरच्या टोकाने पुसतो, परत लावतो आणि शेकोटीत लाकूड सारायला निघून जातो. बारा वर्षं तो हे करत आलाय. चष्मेवाल्याला आज पहिल्यांदा कळतं, की दुसऱ्या कुणाला आपण हे करू दिलं नसतं. हे मी डोंबिवली फास्टमध्ये दारापाशी उभं राहून वाचलं, ठाणं कधी गेलं पत्ता लागला नाही.

माझाही असा एक मित्र आहे. समलिंगी संबंध गुन्हा नाही असं ठरवणारा कलम ३७७ चा निकाल लागला ६ सप्टेंबर २०१८ ला, आणि पुढच्याच गुरुवारी गणपती बसले. आदल्या रात्री आम्ही दोघं आमच्या घरी पुठ्ठ्याचं मखर चिकटवत होतो. आई त्याला घरचाच समजते. निकालाबद्दल दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. त्या रात्रीचं आमचं गप्प बसणं मला या पुस्तकात सापडलं.

तक्रारी आहेत. मधली साठेक पानं रटाळ. एका फोनवर मिटेल असा गैरसमज उगाच ताणलाय. घरचे सगळे फारच समजूतदार. आणि शेवटी लग्न! आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे पुस्तकातलं ते प्रकरण प्रत्येक वेळी घशात अडकतं. तरी ते नको असं म्हणवत नाही. मराठीत ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ही अशाच प्रेमाची कादंबरी २००६ मध्येच आली, मला ती फार जवळची आहे, पण तिच्यातला माणूस निघून जातो. मला थांबणारा माणूस वाचायचा होता.

सुरुवातीला मी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं होतं, शाळेच्या वहीला घालतात तसं. मुखपृष्ठावर एकाच मफलरमध्ये दोन पुरुष, लोकलमध्ये कोण काय बघेल! जुलैच्या पावसात बॅगेतच त्या कव्हराचा लगदा झाला. नवं घातलं नाही.

बांधणी मात्र कच्ची, चष्म्याचं पान सुटून आलंय. ते जागेवर सरकवून गेल्या रविवारी पुस्तक मित्राला वाचायला दिलं. काल विचारलं, तर म्हणाला ५०व्या पानावर आहे. चष्म्याचं पान ८८वं.