आर खोऱ्यातली श्पेटबुर्गुंडर: हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

ग्लासातून पलीकडची बोटं दिसतात इतका या वाइनचा रंग फिका आहे. त्या रंगावर जाऊ नका. श्पेटबुर्गुंडर म्हणजे पिनो नुआर हे लाल वाइनचं द्राक्षच, जर्मन नावानं. द्राक्षाची साल पातळ, म्हणून रंगही कमी आणि तुरटपणाही कमी. आम्ही जर्मनीत बॉनला राहतो, आर नदीचं खोरं इथून जवळच. त्यामुळे हिवाळा लागल्यापासून घरात रेड म्हटलं की हीच उघडली जाते. वेगवेगळ्या उत्पादकांची, पण बहुतेक वेळा लेबलवर गावाचं नाव असलेली, वीस युरोंच्या आतली. नाशिकच्या शिराझची सवय असेल तर पहिला घोट पातळ वाटेल. जेवणाबरोबर घ्या, मग बोलू.

नाकाला आधी आंबट चेरी आणि रासबेरी जाणवते, मागे थोडा धूर. जिभेवर आंबटपणा स्वच्छ, शेवटी किंचित खारट. काही बाटल्यांत नव्या ओक पिंपाचा व्हॅनिला एवढा होता की फळ सापडेना, आणि त्याच बाटल्या महाग होत्या. मला साध्याच आवडल्या.

आर ही आयफेलच्या डोंगरातून येऊन ऱ्हाइनला मिळणारी छोटी नदी. द्राक्षमळे तिच्या शेवटच्या टप्प्यात, आल्टेनआरपासून खाली. पन्नास अंश उत्तर अक्षांशाच्याही वर लाल द्राक्ष पिकतं ते उतारांमुळे. दक्षिणेकडे तोंड केलेले उभे कडे, त्यात काळा स्लेटचा दगड. तो दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती ऊब वेलींना परत देतो. कित्येक मळ्यांत यंत्र चढत नाही, सगळं हातानं. किंमत जर्मनीच्या मानानं चढी का, ते तिथल्या पायवाटेवरून चालताना कळतं. इथल्या मायशॉस गावची द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था १८६८ सालची. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या मला याचं फार अप्रूप वाटलं. मात्र आजच्यासारखी कोरडी, दमदार रेड इथे अलीकडची. शाळेत शिकवणाऱ्या वेर्नर नेकेल यांनी १९८०च्या दशकात देर्नाऊमधला घरचा मळा हाती घेतला आणि फिकट, गोडसर वाइनची जुनी वाट सोडली.

१४ जुलै २०२१च्या रात्री या खोऱ्यात पूर आला. १३०हून अधिक माणसं गेली. नेकेल यांच्या दोन्ही मुली पाण्यात ओढल्या गेल्या आणि झाडाला धरून कित्येक तासांनी वाचल्या. उतारावरचे मळे बरेचसे राहिले, पण खाली गावातली तळघरं आणि पिंपं गेली. चिखल लागलेल्या बाटल्या न धुता मदतीसाठी विकल्या गेल्या. म्हणून २०१९ आणि २०२०ची चांगली बाटली दिसली तर मी सोडत नाही.

आता ताटाकडे. सगळ्यात छान जमली ती आयफेलच्या हरणाच्या मटणाबरोबर आणि उन्हाळ्यात पिवळ्या फिफरलिंग मशरूमबरोबर. लोण्यात परतायचे, कांदा, पार्सली, बास. ऱ्हाइनकडच्या सावरब्रातनबरोबर, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवून शिजवलेल्या मांसाबरोबर, मात्र माझं मन भरलं नाही. बेदाण्यांच्या गोड रश्शापुढे वाइन आंबट पडते.

आपल्या जेवणात पहिला मान वांग्याच्या भरताला. विस्तवावर भाजलेलं वांगं, कच्चा कांदा, मिरची बेतानं: वांग्याचा धूर आणि वाइनमधला धूर एकमेकांना ओळखतात. पांढऱ्या रश्शाबरोबर, मसूर आमटीबरोबरही ती खुलते. तांबड्या रश्शाला नको. अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं आणि वाइन कडू लागते. त्या दिवशी मोझेल खोऱ्यातली थोडी गोडसर रीसलिंग ही पांढरी वाइन काढा. श्पेटबुर्गुंडर भाजलेल्या सॅमन माशाबरोबर चालते, बांगड्याबरोबर नाही. रेड वाइनमधल्या लोहामुळे बांगड्याचा उग्रपणा वर येतो.

तापमान सांभाळा, निम्मी चव त्यात आहे. १४ ते १६ अंश. जुलैत घर तापलेलं असताना मी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते. कोमट प्यायलात तर नुसता अल्कोहोल नाकात जातो. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा जास्त मोकळी लागते, तिसऱ्या दिवशी मटणात घालायची.

विकत घेताना लेबलवर ‘ट्रोकन’ आहे का बघा, म्हणजे कोरडी. सुपरमार्केटच्या खालच्या फळीवरच्या बऱ्याच जर्मन रेडवर ‘लीब्लिख’ असतं. त्या गोड असतात, जेवणाला नाहीत. पहिल्यांदाच घेणार असाल तर ओकमध्ये न मुरवलेली, देर्नाऊ किंवा आरवाइलर गावाची बाटली मागा.