फळी तुटली नव्हती, सुटली होती

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हर्णैहून काकांचा फोन आला. "तुझ्या गलबताच्या फळ्या उघडल्यात रे."

मी घाबरून विचारलं, "पडलं का?"

"पडेल कशाला? ठेवलंय तिथेच आहे. तुटल्यात का सुटल्यात ते नीट बघितलं मी. सुटल्यात."

हा फरक काकांना कळला. मला कळायला आणखी आठवडा लागला. दरम्यान माझी पाच महिन्यांची मेहनत आणि काकांना दिलेली गलबताची छोटी प्रतिकृती दोन्ही वाया गेल्या होत्या. कारण होता एक डबा ग्लू. मॉडेल करणाऱ्या, घरी फर्निचर करून घेणाऱ्या किंवा मुलांच्या प्रकल्पासाठी लाकूड चिकटवणाऱ्या कोणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमच्या आजोबांचा मचवा होता. काका तरुणपणी त्यावर जायचे. आता ते ८४ वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी सुमारे ८० सेंटिमीटर लांबीचं सागवानी गलबत करायचं, असं मी गेल्या डिसेंबरात ठरवलं. घरातल्या जुन्या खिडकीच्या चौकटीतून सुताराकडून पट्ट्या फाडून घेतल्या. खऱ्या गलबताला डिंक लागत नाही. तिथे खिळे असतात आणि फळ्यांच्या फटीत ठासून भरलेला कापूस असतो. मॉडेलच्या ३ मिलिमीटरच्या पट्टीला खिळा मारला तर ती चिरते, त्यामुळे तिथे सगळा भार ग्लूवर.

ग्लू मी विचार करूनच निवडला होता. सुपरग्लू झटकन धरतो, पण त्याचा जोड ठिसूळ असतो, धक्क्याने सुटतो आणि आजूबाजूच्या लाकडावर पांढरट धुरकट डाग पडतो. तो मी फक्त दोरखंडाच्या गाठींना वापरला. पठाण म्हणजे तळाचा कणा आणि नाळ म्हणजे पुढचं उभं लाकूड, यांचा जोड जाड, तिथे दोन नळ्यांचं इपॉक्सी. वांकांवर, म्हणजे आतल्या फासळ्यांवर, पट्ट्या बसवायला पांढरा ग्लू, कारण तो सावकाश धरतो आणि पट्टी सरकवून नीट बसवायला वेळ मिळतो. पण साधा पांढरा ग्लू ओलाव्याने मऊ पडतो आणि हर्णैच्या पावसाळ्यात भिंतींनाही घाम येतो. म्हणून पाण्याला टिकणारा, ज्याला दुकानात 'मरीन' किंवा 'वॉटरप्रूफ' म्हणतात तो घ्यायचा, हे पक्कं होतं. युरोपच्या ईएन २०४ या मानकात अशा ग्लूला डी-३ म्हणतात. त्याचा जोड चार दिवस पाण्यात ठेवून मग ताकद मोजतात. डी-१ म्हणजे फक्त कोरड्या जागेसाठी.

निवड बरोबर होती. डब्यात जे होतं ते मात्र मी निवडलेलं नव्हतंच.

डोंबिवलीत घरापासून थोड्या अंतरावर प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान आहे. नाव लिहीत नाही. नामांकित कंपनीचा २ किलोचा डबा, छापील किंमत ६९०. दुकानदार म्हणाला, "साहेब, ५०० द्या. बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी लागेल, मला परवडणार नाही." मी बिल नको म्हणालो आणि रोख पैसे दिले. त्या क्षणी मी दोन गोष्टी विसरलो. छापील एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, बिलासाठी वर एक रुपयाही मागता येत नाही. आणि बिलाशिवाय तो डबा त्याच दुकानातला आहे हे मी कधीच सिद्ध करू शकणार नव्हतो.

खुणा दिसत होत्या. झाकणाची कडी तोडायला जोर लागला नाही, ती आधीच सैल होती. बॅच नंबर आणि उत्पादनाचा महिना छापलेली जागा घासल्यासारखी पुसट होती. आत ग्लू दाट होता, पण चमच्याने उचलल्यावर त्याची सलग धार पडत नव्हती, खळीसारखे गोळे पडत होते. वासही आंबूस, शिळ्या पिठाचा. हे सगळं मी पाहिलं आणि पट्ट्या चिकटवायला बसलो. शिकंजे लावून रात्रभर ठेवल्यावर जोड घट्ट वाटायचे. मे महिना कोरडा गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात गलबत हर्णैला पोचलं, काकांनी शिडाची दोरी स्वतः ओढून पाहिली आणि पुढे पाऊस लागला.

फोननंतरच्या शनिवारी मी गेलो. डाव्या बाजूच्या सहा पट्ट्या वांकांपासून सुटून बाहेर वाकल्या होत्या. काकांनी एक पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नखाने खरवड." सांध्याच्या जागी पांढरा थर होता. नख लावताच तो चुन्यासारखा पूड होऊन मांडीवर पडला. खाली लाकूड जसंच्या तसं, रंध्याच्या रेषाही दिसत होत्या. चांगला जोड जबरदस्तीने उघडला तर लाकडाच्या कुसळ्या उपटून येतात, कारण ग्लूच्या आधी लाकूड हार मानतं. इथे एक कुसळ नव्हती.

तरी सुरुवातीला मी दोष स्वतःलाच दिला. सागवान तेलकट, चिकटवण्याआधी थिनरने पुसलं नसलं तर ग्लू धरत नाही. मी पुसलं होतं, पण कदाचित कमी पडलं असेल, असं वाटत राहिलं. म्हणून घरी येऊन त्याच पट्ट्यांचे वीस तुकडे घेतले आणि सगळे सारखे पुसले. पाच जोड जुन्या डब्यातल्या ग्लूने केले, पाच दुसऱ्या दुकानातून बिल घेऊन आणलेल्या त्याच नावाच्या ग्लूने. आठवडाभर वाळू दिले, मग एक दिवस पाण्यात ठेवले. जुन्या डब्याचे पाचही हाताने सुटले. नव्या डब्याचा एकही सुटला नाही. दोन मी पकडीने तोडले, ते लाकडातून तुटले.

मग दोन्ही ग्लू दहा-दहा ग्रॅम काचेवर पसरून वाळवले. चांगल्या पांढऱ्या ग्लूमध्ये साधारण निम्मं पाणी असतं. नव्या ग्लूचे ४.८ ग्रॅम उरले आणि थर काचेसारखा पारदर्शक झाला. जुन्याचे २.९ ग्रॅम उरले आणि थर अपारदर्शक पांढरा राहिला, बोटाने मोडला की खडूसारखा तुटायचा. थंडीच्या कडाक्यात चांगला ग्लूही कधी पांढरा खडूसारखा वाळतो, पण जुलैच्या डोंबिवलीत ते कारण नाही. शेवटी दोघांवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. नव्याला तांबूस-तपकिरी छटा आली. जुना काही क्षणांत काळा-निळा झाला, शाळेत बटाट्यावर व्हायचा तसा. म्हणजे त्यात पीठ किंवा स्टार्च घातलं होतं. डब्यात भरलेली खळ मी ग्लू म्हणून विकत घेतली होती.

डबा घेऊन दुकानात गेलो. त्याने डब्याकडे पाहिलंही नाही. "साहेब, हा आमच्याकडचा कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. यूपीआयने दिले असते तर निदान तारीख आणि रक्कम दाखवता आली असती. बिल असतं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, त्याच दुपारी तक्रार नोंदवली असती आणि ग्राहक आयोगातही गेलो असतो.

बाहेर पडताना दुकानामागे रिकाम्या डब्यांची चळत दिसली, झाकणं वेगळी लावून ठेवलेली. त्यांचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं नाही, पण त्या दिवसापासून रिकामा डबा भंगारात देण्याआधी मी त्याला तापलेल्या खिळ्याने चार भोकं पाडतो आणि झाकण कापतो. तुम्हीही पाडा. कोणाच्या तरी घरचा पलंग त्याच डब्यातल्या ग्लूवर उभा राहू शकतो.

डबा घेताना झाकणाची कडी तुमच्यासमोर तोडायला लावा, तयार केल्याचा महिना वाचा आणि आयएस ४८३५ लिहिलंय का ते बघा. पांढऱ्या लाकडी ग्लूचं ते भारतीय मानक आहे. आणि नवा डबा उघडला की त्याच लाकडाचा एक जोड करून आठवडाभर थांबा, मगच मॉडेलला हात लावा. पाच महिन्यांच्या कामापुढे तो आठवडा काहीच नाही.

गलबत परत डोंबिवलीत आलं आहे. वांकांवरचा जुना थर पॉलिश पेपरने घासून काढायला अकरा दिवस लागले. आज डाव्या बाजूच्या चौदा पट्ट्या लागल्या. चाचणीचा जोड तारीख लिहून खिडकीबाहेर पावसात टांगला आहे, आणि काका रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, "धरलाय अजून?"